नसलेल्या खोलीची घरपट्टी

चार वर्षं मी एका नसलेल्या खोलीची घरपट्टी भरत होते. तीही मुदतीच्या आत, आणि आपल्यासारखा नियमित करदाता शोधून सापडायचा नाही अशा तोऱ्यात. बिल यायचं, मी तळाचा आकडा बघायचे, मागच्या वर्षीच्या आकड्याशी तो साधारण जुळतोय ना एवढं पाहायचे आणि भरून मोकळी व्हायचे. बिलाच्या वरच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं असायचं. ते आपल्यासाठी नसतंच, अशी माझी समजूत होती. त्यात एक ओळ होती : 'वरचा मजला, खोली १, वापर : भाड्याने.'

त्या घराला वरचा मजलाच नव्हता. गच्ची होती. गच्चीच्या एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीची विटांची एक ओळ कधीपासून उरलेली होती आणि भाडेकरूंनी तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या.

घर मी राहायला घेतलं नव्हतं, भाड्याने द्यायला घेतलं होतं. घेण्याआधी एका वहीत हिशेब मांडला होता, तो अजून माझ्याकडे आहे. वर भाडं, खाली कर्जाचा हप्ता, त्याखाली 'दुरुस्ती', आणि सगळ्यात शेवटी 'घरपट्टी वगैरे'. त्या 'वगैरे'त काय काय मावतं हे कळायला पुढची पाच वर्षं जावी लागली. भाड्याच्या घरात पैसा घालणारे आम्ही लोक भाड्याच्या बाबतीत फार जागरूक असतो. किती मिळेल, दरवर्षी किती वाढेल, मधे दोन महिने घर रिकामं पडलं तर किती बुडेल, सगळं तोंडपाठ. कर मात्र पावसासारखा धरतो. येणार, भिजवणार, आपण काय करणार?

प्रकरण सुरू झालं ते खोलीवरून नाही, करारातल्या एका शब्दावरून. पाचव्या वर्षी घरांची पुन्हा आकारणी झाली आणि घरपट्टी एकदम चढली. करार काढून बघितला. त्यात लिहिलं होतं, 'मिळकतीसंबंधीचे सर्व कर संबंधित पक्षाने भरावेत.' मी बिलाची प्रत घेऊन भाडेकरूंकडे गेले.

"वहिनी, वाढीव रक्कम या वर्षीपासून तुमच्याकडे येईल. करारात आहे तसं."

वहिनींनी करार वाचला. त्या सगळंच नीट वाचतात, हा त्यांच्यातला आणि माझ्यातला मुख्य फरक. "ताई, यात 'संबंधित' असं आहे. घर तुमचं, म्हणजे संबंधित तुम्हीच ना?"

मी म्हटलं, राहणारे तुम्ही, म्हणजे संबंधित तुम्ही. आम्ही दोघी त्या शब्दाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. आवाज कुणाचाच चढला नाही, पण महिनाभर भाडं बँकेत जमा झाल्याचा 'झालं हं ताई' हा निरोप यायचा बंद झाला. भाडं मात्र येत होतं.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपण सगळे ऐकत मोठे झालो आहोत. माझी चूक अशी, की वकिलाच्या ऑफिसची पायरीही मी त्याच म्हणीत घालून टाकली होती. या दोन पायऱ्या अगदी वेगळ्या. पहिली टाळायची असेल तर दुसरी वेळेवर चढावी लागते, आणि वेळेवर म्हणजे सही करण्याच्या आधी. मी गेले तेव्हा सही होऊन पाच वर्षं झाली होती. तरी अजून भांडण पेटलेलं नव्हतं, एवढं नशीब.

वकीलसाहेबांनी करार दोन मिनिटांत चाळला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, तयार मसुदा मिळाला होता. नावं-पत्ते भरले फक्त."

"मग 'संबंधित' म्हणजे कोण ते मसुदा लिहिणाऱ्याला माहीत. त्याला बोलावून घ्या." हे त्यांनी न हसता म्हटलं. मग हात पुढे केला. "घरपट्टीचं बिल?"

बिल त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली. मी तोवर फक्त खालून वाचत आले होते.

"मॅडम, वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"वरचा मजला नाहीये."

"इथे आहे. भाड्यानेही दिलाय तुम्ही."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. त्यांनी पेनाचं टोक त्या ओळीखाली धरलं. मग समजावलं ते साध्या शब्दांत : कर लागतो तो तुमच्या विटांच्या घराला नाही, आकारणीच्या रजिस्टरमधल्या घराला. ती दोन घरं सारखी आहेत की नाहीत हे बघायचं काम कुणाचं? तुमचं. रजिस्टरवाल्याचं रजिस्टर त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं.

"आकारणीची नोटीस कधी मिळाली?"

नोटीस? घरी येऊन ड्रॉवर उपसला. पाकीट सापडलं, न फोडलेलं. हरकत घ्यायची मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी घराच्या कराचा इतिहास वाचत बसले. काही लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात. माझं आपलं वाचन. पण त्या वाचनाने एक गोष्ट पक्की झाली. कर लावणाऱ्याला मुळात काहीतरी मोजायला लागतं, आणि जे मोजलं जातं ते घर नसतं, घराची काहीतरी खूण असते. इंग्लंडमध्ये १६६२ साली चुलींवर कर बसला, शेकोटीच्या दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. चुली मोजायच्या तर वसुलीवाल्याला घरात शिरावं लागे, आणि लोकांना नेमकं तेच खुपलं. १६८९ साली तो कर गेला. १६९६ मध्ये त्यावर तोडगा निघाला, खिडक्या मोजायच्या. त्या रस्त्यावरूनच दिसतात! १७४७ नंतरच्या दरपत्रकात दहावी खिडकी आली की सगळ्याच खिडक्यांवर कर लागे, पंधराव्या खिडकीला दर आणखी चढे, विसाव्याला आणखी. साहजिकच नऊ, चौदा आणि एकोणीस खिडक्यांची घरं भराभर वाढली.

इथवर वाचून मला हसू येत होतं. पुढचं वाचून थांबलं. एका इमारतीत अनेक गरीब कुटुंबं भाड्याने राहत असली तरी खिडक्या सगळ्या इमारतीच्या मिळून मोजत, आणि कर घरमालकावर. मग घरमालकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. कर मालकाचा वाचला, अंधार भाडेकरूच्या वाट्याला गेला. १८५१ मध्ये तो कर रद्द होईपर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ हे चाललं. त्या घरमालकांचा मला जितका राग यायला हवा होता तितका आला नाही. मनातल्या मनात मी त्यांचा हिशेब करून बघत होते.

खिडक्या सोडून किंमत मोजायला लागल्यावर सगळं सरळ झालं असेल, असं वाटतं. तसं काही नाही. इंग्लंडमध्ये आजही राहत्या घरांचा कौन्सिल टॅक्स १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती यावर ठरतो. त्या वेळी किंमती ठरवणारे लोक गाडीतून गल्लीगल्लीने फिरत, न उतरता. 'दुसऱ्या गियरमधलं मूल्यांकन' असं त्याला नावच पडलं होतं. आणि जे घर त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी बांधलं त्याचं काय? तेही १९९१ साली असतं तर कितीला गेलं असतं, याची कल्पना करायची. जर्मनीत तर पश्चिमेकडे १९६४ ची आणि पूर्वेकडे १९३५ ची मूल्यं धरून जमीन-घरांचा कर आकारला जात होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि नवी पद्धत लागू व्हायला २०२५ उजाडलं. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनीच ठरवून टाकलं की मूळ कर मूल्याच्या एक टक्क्यापर्यंतच, आणि घराचा मालक बदलत नाही तोवर करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. परिणाम असा की भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सारख्याच घरांचे कर कितीतरी पट वेगळे, एकाने घर सत्तरच्या दशकात घेतलं आणि दुसऱ्याने काल, एवढ्याच कारणाने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने ते चालेल म्हणून सांगितलं.

म्हणजे माझी वरच्या मजल्यावरची खोली काही एकटी नव्हती. जगभर लोक अशा कल्पनेतल्या घरांचे कर भरत आहेत. थोडं बरं वाटलं, पण मुदतीचे सहाचे पाच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गेले. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, हरकतीच्या अर्जाबरोबर मोजमाप हवं, फोटो हवेत, आणि खोली पाडल्याचा जुना काही कागद मिळाला तर उत्तम. तो काही मिळाला नाही. आधीच्या मालकांनी खोली कधी पाडली ते त्यांनाच आठवेना. मग राहिलं मोजमाप.

लांब टेप एकट्याने धरता येत नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. महिनाभराच्या अबोल्यानंतर पहिलं वाक्य माझ्याकडून गेलं ते असं, "जरा शून्याकडचं टोक धराल?"

त्यांनी धरलं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. मी आकडा वाचायचे, त्या म्हणायच्या 'लिहा', मी लिहायचे. गच्चीवर त्या विटांच्या ओळीचे फोटो काढायला कुंड्या हलवल्या. विटांवर जुन्या गिलाव्याचा निळा रंग राहिला होता, खोलीचा आतला रंग असणार. कुणीतरी तिथे खरंच राहत होतं कधीकाळी. वहिनींनी बोटाने तो जरा खरवडून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत.

खाली येताना त्या मागच्या बाल्कनीपाशी थांबल्या. "ताई, हीसुद्धा मोजायची ना?"

ही बाल्कनी मी घर घेतल्यावर दुसऱ्या वर्षी सरकत्या खिडक्या लावून बंद करून घेतली होती. अभ्यासाची खोली म्हणून. तिच्या जोरावर भाडंही थोडं वाढवून मागितलं होतं, आणि ते वहिनींनीच दिलं होतं. रजिस्टरमध्ये ती उघडीच होती.

"बघू," मी म्हणाले आणि टेप गुंडाळला.

त्या 'बघू'चं काय करायचं, हे विचारायला पुन्हा वकिलाकडे. माझा युक्तिवाद तयार होता : एक खोली जास्त लिहिलीय, एक कमी लिहिलीय, आणि चार वर्षं मी जास्तच भरलंय. फिटंफाट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हरकत म्हणजे एक ओळ खोडायचा अर्ज नसतो. तुम्ही फाईल उघडायला लावताय. उघडली की पूर्ण उघडते." आकारणी कमी करून घ्यायला जाऊन वाढवून घेऊन आलेले लोक त्यांनी पाहिले होते. हे काही आमच्याच रजिस्टरपुरतं नाही. इंग्लंडमध्येही आपला कराचा पट्टा, म्हणजे किमतीनुसार घर ज्या टप्प्यात घातलंय तो, चुकीचा आहे म्हणून दाद मागायला गेलं तर तो खाली येण्याऐवजी वर जाऊ शकतो, आणि कधी शेजाऱ्यांचाही सोबत घेऊन जातो. अशा माणसाला गल्लीत किती मान मिळत असेल!

"मग लपवू नको म्हणता?"

"मी काही कीर्तनकार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो की गच्चीवर जायचा जिना बाल्कनीवरून जातो. तपासायला येणारा माणूस उडत वर जाणार नाही."

अर्जात दोन्ही गेलं. वरची खोली वजा, बाल्कनी अधिक. सोबत मोजमाप, फोटो, आणि प्रत्येक पानावर माझी सही. पोच घेतली, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे ना ते बघितलं. हे बघायला मी आता शिकले होते.

राहिलं 'संबंधित'. याबद्दल मी जितकं वाचलं तितकं ते साधं राहिलं नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स साधारणपणे राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरू. जर्मनीत मालक भरतो, पण करारात तसं लिहिलं असेल तर वरखर्चाच्या हिशेबात तो भाडेकरूकडून घेता येतो. अर्थशास्त्रवाल्यांचा आणखी वेगळा फाटा : बिलावर नाव कुणाचंही असो, भार शेवटी कुणावर पडतो? जमिनीवरचा कर मालकाला भाडेकरूवर ढकलता येत नाही म्हणतात, कारण कर वाढला म्हणून जमीन काही आकसत नाही. बांधकामावरचा कर मात्र हळूहळू भाड्यात उतरतो, कारण कर जड झाला की नवी घरं कमी बांधली जातात. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच घराच्या भाड्याचे असे दोन भाग पाडून ठेवले होते, इमारतीचं भाडं वेगळं आणि जागेचं वेगळं. त्याने आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली आहे : घरावरचा कर भाडं मिळायच्या वेळीच घ्यावा, कारण तेव्हाच देणाऱ्याच्या हातात पैसे असतात. माझी घरपट्टी नेमकी खिसा रिकामा असताना येते, हे त्याला कुणीतरी कळवायला हवं.

कर कोण भरतो याला आणखी एक शेपूट आहे, आणि ते मला करसल्लागारांनी दाखवलं. मिळालेल्या भाड्यावर प्राप्तिकर लागतो तेव्हा घरपट्टी वजा मिळते की नाही, हे देशोदेशी वेगळं. भारतातल्या नियमाचं उदाहरण घ्या. घरपट्टी भाड्यातून वजा होते, पण ती मालकाने सोसलेली हवी आणि त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी. बिल आलंय, भरीन पुढच्या वर्षी, हे चालत नाही. भाडेकरूने भरली असेल तर मालकाला वजावट नाही. त्यानंतर जे उरतं त्यातून ३० टक्के सरसकट वजा, मग दुरुस्तीला तुम्ही छप्पर बदललं असो की एक खिळाही ठोकला नसो. वकिलाची फी त्यातच आली, वेगळी मागायची नाही. अमेरिकेत पद्धत उलटी, खऱ्या खर्चाचा हिशेब द्या. घरपट्टी, दुरुस्ती, भाडेकरूशी झालेल्या वादातली वकिलाची फी, सगळं मांडा आणि कागद ठेवा. त्याशिवाय इमारतीचा घसारा, म्हणजे ती जुनी होत जाताना घटणारी किंमत, साडेसत्तावीस वर्षांत धरायचा, जमिनीचा मात्र नाही. यात एक गंमत आहे, म्हणजे ज्याच्यावर येते त्याला ती गंमत वाटत नाही. घर विकताना त्या घसाऱ्यावर कर लागतो, आणि तो तुम्ही घेतलेल्या घसाऱ्यावर नाही, घेता आला असता अशा घसाऱ्यावर. म्हणजे विसरलात तर फायदा गेला आणि कर राहिला. नसलेल्या खोलीची ही थोरली बहीणच.

आणि नियम घर घेताना होता तसाच राहील, असं कुठल्याच खरेदीखतात लिहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये भाड्याने घरं देणाऱ्या व्यक्तींना कर्जाचं सगळं व्याज भाड्यातून वजा करता येत असे. २०१७ पासून ती वजावट टप्प्याटप्प्याने काढली आणि २०२० पर्यंत तिच्या जागी २० टक्क्यांची करसवलत तेवढी उरली. ज्यांनी वहीत व्याज वजा करून हिशेब मांडले होते त्यांच्या वह्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना तोट्यात गेल्या.

वकील आणि करसल्लागार यांच्यात कुणाकडे कधी जायचं, हा गोंधळ माझा बरेच दिवस होता. करसल्लागाराला मी करार दाखवायचे आणि वकिलाला विचारायचे की हे पत्र्याचं छप्पर दुरुस्तीत धरू की नवीन कामात. दोघंही माणुसकीने उत्तर द्यायचे आणि दोघंही 'पण ते त्यांना विचारा' म्हणायचे. शेवटी मी एक केलं, करसल्लागारांना कराराचा मसुदा सहीच्या आधी पाठवू लागले आणि वकीलसाहेबांना विवरणपत्राची प्रत. एकमेकांचं वाचलं की दोघांनाही काही ना काही खटकतं.

फीचा विषय निघाला की सगळे गप्प होतात, म्हणून सांगते. पहिल्या भेटीतच विचारावं : तासावर, कामावर की तारखेवर? अमेरिकेत मालमत्ता कराची अपिलं वाचलेल्या करातल्या हिश्श्यावर चालवणारे सल्लागार सर्रास असतात. भारतात वकिलाला निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायची मनाई आहे. हिश्श्यावर काम करणारा माणूस मोठं घबाड असेल तिथेच जीव लावतो, हे उघड आहे. माझ्या एका खोलीत त्याला काय रस असणार? माझ्या वकीलसाहेबांनी कामाची ठरावीक फी सांगितली. ती ऐकून मी मनात दोन वर्षांची खोलीची घरपट्टी मोजली. तेवढीच होती. एरवी मी परत आले असते.

त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मी भाड्याने घर देणाऱ्या प्रत्येकाला सांगते. १९८५ साली इंग्लंडमध्ये एका घरमालकाचा खटला लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत गेला. भाडेकरूला कायद्याचं संरक्षण मिळू नये म्हणून त्याने कराराला 'भाडेपट्टा' न म्हणता 'परवाना' म्हटलं होतं आणि तसं मान्य असल्याची सहीसुद्धा घेतली होती. न्यायमूर्तींनी विचारलं ते एवढंच : खोलीचा ताबा पूर्ण भाडेकरूचा होता ना? मुदत होती ना? भाडं घेत होतास ना? मग तो भाडेपट्टाच. पाच दातांचं, हाताने माती खणायचं अवजार बनवलंस तर ते दाताळंच, तू त्याला फावडं म्हणत राहिलास तरी. गोष्ट सांगून वकीलसाहेबांनी माझ्या तयार मसुद्यातली चार कलमं पेनाने गोल केली. भाडं थकलं तर मालकाने कुलूप बदलावं, असं त्यातलं एक होतं. "हे कलम तुमच्या बाजूचं आहे असं वाटतं ना? उद्या हेच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचतील." अनामत रकमेचं कलमही असंच ढिसाळ होतं. इंग्लंडमध्ये ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवली नाही तर मालकाला एक ते तीन पट भुर्दंड बसतो, हे ऐकून मी माझ्या पासबुकात वहिनींची अनामत अजून आहे ना ते बघितलं. होती. पण घरदुरुस्तीच्या पैशांत मिसळून गेली होती. ती आता वेगळ्या खात्यात आहे.

थकबाकीबद्दल मी पूर्वी निर्धास्त होते, भरतेच आहे म्हणून. पण घराचा कर माणसापेक्षा घराला चिकटतो. मालक बदलला तरी बोजा घरावरच राहतो, म्हणून घर घेतानाच जुन्या पावत्या बघायच्या. बोजा किती वेगाने फुगतो ते अमेरिकेत मिनेसोटातल्या जेरल्डिन टायलर यांच्या खटल्यात दिसतं. त्या २०१० मध्ये आपला फ्लॅट सोडून ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत राहायला गेल्या आणि मागे त्या फ्लॅटचा कर भरायचा राहिला. मूळ थकबाकी सुमारे २,३०० डॉलर. व्याज आणि दंड धरून ती झाली १५,००० च्या घरात. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, फ्लॅट ४०,००० डॉलरला विकला आणि सगळेच्या सगळे पैसे ठेवून घेतले. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की देणं वळतं झाल्यावर उरलेले पैसे सरकारला गिळता येणार नाहीत. बाई तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या. न्याय मिळाला, पण मी त्या निकालातलं वय दोनदा वाचलं.

आमची सुनावणी पंधरा मिनिटांत झाली. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं, त्यात खोलीची नोंद कुणा वेगळ्याच हस्ताक्षरात, वेगळ्याच शाईत होती. आठवड्याने तपासायला माणूस आला, बाल्कनीवरून जिना चढला, बाल्कनीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि टिकमार्क केली. गच्चीवर त्याने विटांच्या ओळीवर बूट टेकवून फोटो काढला. दुरुस्ती मंजूर झाली ती या वर्षापासून पुढे. मागच्या चार वर्षांचं काय, असं मी विचारलं. "तेव्हा तुम्ही हरकत घेतली नव्हती," ते म्हणाले. बरोबरच होतं. हरकत घ्यायला आधी वाचावं लागतं.

नवं बिल आलं तेव्हा मी ते दारातच उभं राहून वरून खाली वाचलं. वरचा मजला गेला होता, बाल्कनी आली होती, एकूण रक्कम थोडी का होईना उतरली होती. माझ्या आडनावात एक काना जास्त पडला होता. त्याचाही अर्ज केला.

मग नवा करार. या वेळी मसुदा वकीलसाहेबांनी लिहिला, करसल्लागारांनी एक शब्द बदलला, आणि 'संबंधित' हा शब्द कुठेही नाही याची मी तीनदा खात्री केली. घरपट्टी घरमालक भरील. मुदतीत ती वाढली तरी भाडेकरूकडे वेगळी मागणी करणार नाही, नव्या कराराच्या वेळी भाडं ठरवताना ती विचारात घेतली जाईल. स्वच्छ मराठी, कुणालाही कळेल असं. मोठ्या ऐटीत मी तो वहिनींपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी वाट बघत बसले. घरपट्टीच्या कलमापाशी त्यांचं बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवर आलं.

"ताई, वाढली तर काय ते लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि कमी झाली तर? या वर्षी झालीय ना?"

मी वकीलसाहेबांना फोन लावला.